गाठ नळीची की अंडाशयाची? अमळनेरकडच्या एका बाईंचं प्रकरण

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी चारच्या सुमाराला आमच्या जळगावच्या लॅबमध्ये एक बरणी आली. लोणच्याची असते तशी, रुंद तोंडाची. आत गर्भाशय, दोन्ही अंडाशयं आणि दोन्ही गर्भनलिका. सोबत आतड्यांवरचा चरबीचा पदर, म्हणजे ओमेंटम, वेगळ्या डब्यात. लसीकाग्रंथींच्या चार बाटल्या, पोटाच्या आतल्या अस्तराचे ठिकठिकाणचे तुकडे, आणि पोट उघडल्या उघडल्या ते धुऊन घेतलेलं पाणी. फॉर्मवर लिहिलं होतं: वय ५४, पाळी जाऊन पाच वर्षं, उजव्या अंडाशयाची गाठ, कॅन्सरचा संशय.

बाहेर ४४ अंश होते. असल्या दिवसांत मी नमुन्याआधी फॉर्मालिन, म्हणजे नमुना टिकवणारं द्रावण, बघते. नमुन्याच्या दहापट तरी ते हवं. कमी पडलं आणि बरणी उन्हात तापत आली, तर नळीच्या झालरीसारख्या टोकाचं नाजूक अस्तर सुटून जातं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायला काही उरत नाही. ही बरणी काठोकाठ भरलेली होती. पाठवणाऱ्या सर्जनला मी मनातल्या मनात रामराम घातला.

फॉर्मवरचं ‘अंडाशय’ माझ्या रिपोर्टात ‘गर्भनलिका’ झालं. त्या एका शब्दावरून घरात, वॉर्डात आणि थोडं डॉक्टरांमध्येही जे झालं, ते लिहून ठेवावं असं वाटलं. बाईंची आणि त्यांच्या मुलीची परवानगी आहे. ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील बदलले आहेत. बाईंना इथे आक्का म्हणते.

कापूस वेचणीपासून आखाजीपर्यंत

आक्का अमळनेर तालुक्यातल्या. दिवाळीनंतर कापूस वेचायला वाकल्या की उजव्या कुशीत कळ यायची. मुरडा यावा तशी वाढत जायची, आणि मग एकदम अंगावरून पिवळसर पाणी जायचं, कधीकधी लुगडं बदलावं लागेल इतकं. ते गेलं की दुखणं थांबायचं. दोन-चार दिवसांनी पुन्हा तेच. “पानी गयं का पोट हलकं व्हई जास,” असं त्यांनी दाखवलं त्या प्रत्येक डॉक्टरला सांगितलं. ऐकणाऱ्याने त्यातलं पाणी तेवढं ऐकलं, पोट हलकं होणं सोडून दिलं. धुपणी, म्हणजे अंगावरून पांढरं जाणं, समजून गोळ्या झाल्या. एका ठिकाणी लघवीच सुटते म्हणून औषध झालं. पाच महिने गेले.

खरं तर आक्कांच्या त्या एका वाक्यात निदान होतं. नळीत द्रव साचतो, नळी ताणते, कळ येते. ताण असह्य झाला की तो द्रव गर्भाशयात उतरून बाहेर पडतो आणि नळी रिकामी होते. वैद्यकाच्या पुस्तकात याला हायड्रॉप्स ट्यूबी प्रोफ्लुअन्स असं भारदस्त लॅटिन नाव आहे. कळ, पाणी आणि ओटीपोटात लागणारी गाठ या तिघांना मिळून लाट्झकोचं त्रिकूट म्हणतात. तिन्ही एकत्र १५ टक्क्यांहून कमी रुग्णांत दिसतात, त्यामुळे अनेक डॉक्टरांच्या अख्ख्या उमेदीत असा रुग्ण येत नाही. त्यांना दोष देणं सोपं आहे, पण मी देणार नाही. का, ते पुढे येईलच.

आमच्या भागात दोन-तीन लेकरं झाली की बाईचं कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन ठरलेलंच असतं. आक्कांचं झालेलं नव्हतं. दुसऱ्या बाळंतपणानंतर दिवसच राहिले नाहीत, म्हणून गरजच पडली नाही. ते झालं असतं, तर बांधलेल्या नळीतून पाणी गर्भाशयाकडे यायला वाटच राहिली नसती. नुसती कळ आली असती, आणि ती कुणी किती दिवस मनावर घेतली असती कोण जाणे.

आता माझी गोष्ट. फेब्रुवारीत त्यांच्या गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा आमच्याच लॅबला आला होता. फॉर्मवर तीन शब्द: अंगावरून पाणी जाणं. अस्तर पाळी गेलेल्या बाईचं असतं तसंच, पातळ, सुकलेलं. मी ‘कॅन्सर नाही’ असं लिहून सही केली. खोटं काहीच नव्हतं. पण पाळी गेल्यानंतर पाणी जातंय, अस्तरात काही सापडत नाही, गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी साफ आहे, तर मग पाणी येतं कुठून? वर नळ्या आहेत, त्यांची सोनोग्राफी करावी, अशी एक ओळ मी लिहायला हवी होती. लिहिली नाही. ‘कॅन्सर नाही’ हे शब्द वाचून घर निर्धास्त झालं आणि आणखी अडीच महिने गेले. आता अशा प्रत्येक रिपोर्टखाली मी ती ओळ लिहिते.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुलगी माहेरी आली. झोके, गाणी, आंबरस-पुरणपोळी सगळं घरात, आणि आई दुपारी ओसरीवर कुशीला उशी दाबून पडलेली. तिने दुसऱ्याच दिवशी अमळनेरला नेऊन सोनोग्राफी केली. उजव्या बाजूला ६.५ बाय ४ सेंटिमीटरची गाठ, आत पाणी, अर्धवट पडदे आणि एक घट्ट भाग; उजवं अंडाशय वेगळं दिसत नाही. रिपोर्टात ‘अंडाशयाची गाठ’ आलं ते इथून. सोनोग्राफी करणाऱ्याने गाठ सॉसेजसारखी लांबट असल्याचंही नोंदलं होतं, आणि गोल न दिसता लांबट दिसणारी गाठ नळीकडे बोट दाखवते. पण खाली निष्कर्षाच्या ओळीत ते उतरलं नाही.

रक्तातलं सीए-१२५, म्हणजे अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये बरेचदा वाढणारं एक प्रथिन, आलं ११२. साधारण ३५ पर्यंत ठीक मानतात. ज्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे हे सगळं गेलं, त्यांनी कागदावर एक गुणाकार केला. पाळी गेली असेल तर ३. सोनोग्राफीत दोन किंवा अधिक संशयास्पद खुणा असतील तर ३. आणि सीए-१२५ चा आकडा. तीन गुणिले तीन गुणिले ११२ म्हणजे १००८. दोनशेच्या वर गेलं की अशी गाठ साध्या ऑपरेशन थिएटरात, लहान चिरेतून काढायला जाऊ नये, कॅन्सर सर्जनकडे पाठवावी, असा संकेत आहे. त्यांनी पाठवलं. या संपूर्ण प्रकरणात आक्कांच्या सगळ्यात जास्त उपयोगी पडलेलं काम माझ्या मते हेच. गाठ दुर्बिणीतून काढू, दोन दिवसांत घरी, असं सांगणारं दुसरं ठिकाण घरच्यांनी शोधून ठेवलेलंच होतं.

पोट उभं उघडलं

सर्जनने बेंबीच्या वरपासून खालपर्यंत उभा छेद घेतला, आधी पोट धुऊन पाणी घेतलं, गाठ न फोडता अख्खी काढली, आणि बाकीचं सगळं दिसायला साफ असूनही ओमेंटम, अस्तराचे तुकडे, ओटीपोटातल्या आणि महाधमनीशेजारच्या ग्रंथी काढल्या. एवढं कशाला, असा प्रश्न नातेवाईक नेहमी विचारतात. १९८३ साली अमेरिकेत अशा १०० बायकांचा अभ्यास छापून आला, ज्यांचा आजार लवकरच्या टप्प्यातला समजला गेला होता. नीट पुन्हा तपासल्यावर त्यांतल्या ३१ जणींचा आजार पुढे गेलेला निघाला. डोळ्यांना साफ दिसणं आणि साफ असणं यातलं अंतर एवढं मोठं आहे.

बरणीतून काढून मी ती उजवी बाजू टेबलावर ठेवली. नळी फुगून मनगटाएवढी, वाकडी, आणि अंडाशयाला चिकटलेली. वरून अंडाशयाचीच गाठ वाटावी. नळी लांबीला उघडली तेव्हा पिवळसर पाणी आलं आणि मधल्या भागात मऊ, भुरकट, फुलकोबीच्या तुऱ्यासारखी वाढ दिसली, २.८ सेंटिमीटर. झालरीची बोटं एकमेकांना चिकटून नळीचं टोक बंद झालेलं होतं. चिकटलेलं अंडाशय कापलं तर आत सुरकुतलेलं, पांढरं, पाळी गेलेल्या बाईचं असतं तसंच.

इथून पुढचं काम संथ आहे. झालरीचा भाग वेगळा कापून त्याचे लांबीला पातळ काप, उरलेल्या नळीचे दोन-तीन मिलिमीटरवर आडवे काप, आणि सगळेच्या सगळे तपासायचे. डाव्या, धडधाकट दिसणाऱ्या नळीचेसुद्धा. ही पद्धत २००६ च्या सुमाराला बोस्टनच्या पॅथॉलॉजिस्टांनी रूढ केली. त्याआधी आम्ही नळीचा एक आडवा काप घ्यायचो आणि पुढे जायचो. शिकताना मीही तेच केलं आहे. किती नळ्या न बघता बादलीत गेल्या असतील!

दोन ठिकाणी माझा जीव अडकला होता. एक, नळी आणि अंडाशय जिथे चिकटले होते तो भाग. तिथे कॅन्सरच्या पेशी सापडल्या असत्या तर आजार एका अवयवापुरता राहिला नसता. पहिला टप्पा सुटून दुसरा लागला असता. तिथून मी नऊ काप घेतले. जुनी सूज आणि व्रणाचे धागे, बाकी काही नाही. दुसरं, पोट धुतलेलं पाणी. त्यात पेशी सापडल्या तर पहिल्याच टप्प्यातला ‘क’ होतो. पाणी साफ होतं. ग्रंथी साफ, ओमेंटम साफ. वाढ नळीच्या स्नायूत उतरली होती, पण बाहेरच्या आवरणापर्यंत पोचली नव्हती.

मुख्य वाढीच्या शेजारी, झालरीजवळ, दीड मिलिमीटरचा एक पट्टा होता: अस्तराच्या पेशी बिघडलेल्या, पण जागा न सोडलेल्या. याला स्टिक म्हणतात. नळीच्या अस्तरातला, अजून आत न शिरलेला कॅन्सर. मुंबईहून खास रंगांचे रिपोर्ट आले. पी५३ या प्रथिनाचा रंग या पट्ट्यात आणि मोठ्या वाढीत सारखाच, गच्च आणि सलग. गाठ कुठून निघाली याचा यापेक्षा सरळ पुरावा मिळत नाही.

रिपोर्ट: उजव्या गर्भनलिकेचा हाय-ग्रेड सीरस कॅन्सर, टप्पा पहिला ‘अ’, म्हणजे आजार त्या एका नळीपुरताच.

मग पहिले डॉक्टर चुकले का

मुलगा रिपोर्ट घेऊन आला तो चिडलेलाच. सोनोग्राफीत अंडाशय, सर्जनच्या फॉर्मवर अंडाशय, तुमच्याकडे नळी. कुणाचं खरं धरायचं? ऑपरेशन चुकीच्या जागेचं तर झालं नाही ना?

नाही झालं. दोन्ही आजारांचं ऑपरेशन एकच आहे. टप्पेही एकच. २०१४ पासून जागतिक स्त्रीरोग संघटनेने, म्हणजे फिगोने, अंडाशय, गर्भनलिका आणि पोटाचं अस्तर या तिन्हींच्या कॅन्सरसाठी टप्प्यांची एकच मोजपट्टी केली. कारण पूर्वी आम्ही मोठी गाठ जिथे दिसेल तिथलं नाव द्यायचो. नळीतून निघालेल्या पेशी अंडाशयावर पडून तिथे मोठ्या झाल्या की अंडाशयाचं नाव लागायचं, आणि नळीचा कॅन्सर म्हणजे स्त्रियांच्या कॅन्सरमध्ये शंभरात एकही नाही, असं शिकवलं जायचं. २००१ मध्ये डच डॉक्टरांनी आनुवंशिक धोका असलेल्या, पण आजार नसलेल्या बायकांच्या काढलेल्या नळ्या तपासल्या, तेव्हा या बिघडलेल्या पेशी नळीच्या टोकाशी दिसायला लागल्या. आता हाय-ग्रेड सीरस प्रकारात नळीत स्टिक सापडलं किंवा नळीचं अस्तर आजाराने घेरलेलं असलं, की अंडाशयातली गाठ कितीही मोठी असो, मूळ नळीचं धरतात. अंडाशयाचं म्हणायचं तर दोन्ही नळ्या पूर्ण कापून साफ दाखवाव्या लागतात.

मुलाला मी एवढं सगळं सांगितलं नाही. म्हटलं, पाटाचं पाणी कुठल्या बांधावरून फुटलं ते बघायचं काम माझं. पाणी शेजारच्या वावरात दिसलं म्हणून फुटलेला बांध शेजाऱ्याचा होत नाही. केळीवाला माणूस, त्याला ते पटलं.

शेजारच्या खाटेवरची बाई

जूनमध्ये केमो सुरू झाली. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ऑपरेशन बसलं होतं, केमोही बसली. पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन, दर २१ दिवसांनी, सहा वेळा. तिसऱ्या डोसच्या वेळी पांढऱ्या पेशी उतरल्या आणि तो आठवडाभर पुढे गेला. नेमकी त्याच रविवारी घरी कानबाई, आमच्या खानदेशातली श्रावणातली देवी, बसत होती. आक्का म्हणाल्या, देवीनेच रजा दिली. घरी जाऊन रोट खाऊन आल्या.

दुसऱ्या की तिसऱ्या डोसनंतर मुलगी लॅबमध्ये आली, तपासणीसाठी ब्लॉक, म्हणजे गाठीचा मेणात बसवलेला तुकडा, न्यायला. तिने वेगळाच हिशोब आणला होता. आईच्या शेजारच्या खाटेवर शहाद्याची एक बाई, ४६ वर्षांची. तिची गाठ अंडाशयाची, १४ सेंटिमीटर, आणि ऑपरेशनमध्ये फुटली सुद्धा. तिला केमो तीन वेळा. “मॅडम, आईची एवढीशी गाठ, न फुटलेली, आणि सहा वेळा का? आमच्यापासून काही लपवलंय का?”

मला हा प्रश्न फार आवडला, कारण अंडाशय आणि नळी यांची तुलना खरं तर इथेच होते. शहाद्याच्या बाईंचे कापही माझ्याकडेच आले होते. त्यांना तरुणपणापासून पाळीत प्रचंड दुखायचं; एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयासारखं अस्तर अंडाशयात, चॉकलेट सिस्ट. त्यातूनच त्यांचा क्लिअर सेल कॅन्सर उगवला होता. अंडाशयाचे जे कॅन्सर पहिल्या टप्प्यात सापडतात त्यांत असेच जास्त असतात: क्लिअर सेल, एंडोमेट्रिऑइड, म्युसिनस. गाठ मोठी होत जाते, पण बराच काळ अंडाशयातच राहते. त्यांचं सीए-१२५ होतं २८, म्हणजे नॉर्मल. लवकरच्या टप्प्यात हा आकडा जवळपास निम्म्या बायकांमध्ये वाढलेलाच नसतो.

आक्कांचा हाय-ग्रेड सीरस मात्र वेगळ्या वळणाचा. तो सहसा पोटभर पसरल्यावरच भेटतो, कारण झालरीचं तोंड पोटात उघडं असतं आणि पेशी तिथून थेट बाहेर पडतात. आक्कांची झालर चिकटून बंद झाली होती. म्हणून पाणी आत तुंबलं, म्हणून कळ आली, म्हणून आजार नळीतच सापडला. पाच महिने ज्या दुखण्याने झोप उडवली, त्याच दुखण्यामुळे टप्पा पहिला राहिला, असं म्हणायला हरकत नाही.

केमोचं गणित गाठीच्या आकारावर नाही, पेशींच्या जातीवर बसतं. २००३ मध्ये युरोपातल्या दोन मोठ्या चाचण्यांचे एकत्रित निकाल आले: लवकरच्या टप्प्यातल्या ९२५ बायका, निम्म्यांना ऑपरेशननंतर केमो, निम्म्यांना नाही. पाच वर्षांनी केमो झालेल्यांपैकी ८२ टक्के हयात होत्या, न झालेल्यांपैकी ७४ टक्के. नंतर तीन डोस विरुद्ध सहा डोस अशीही तुलना झाली. सहाचा फायदा सीरस प्रकारातच ठळक दिसला. क्लिअर सेल या औषधांना तसाही कमी दाद देतो, डोस वाढवून फारसं हाती लागत नाही. मुलीने मोबाइलवर हे सगळं टिपून घेतलं आणि म्हणाली, शहाद्याच्या मावशींना पण सांगते, त्यांना वाटतंय योजनेचे पैसे संपले म्हणून तीनच दिले.

घराण्यातलं

ब्लॉक न्यायचा होता बीआरसीए नावाच्या जनुकांच्या तपासणीसाठी; त्यांत दोष असला तर स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. अशा प्रकारच्या कॅन्सरमध्ये वय किंवा घराण्याचा इतिहास न बघता ती सुचवतात. इथे इतिहासही निघाला: आक्कांची आई चाळिशीत ‘छातीच्या गाठीने’ गेली होती. तेव्हा कुणी नाव ठेवलं नाही आजाराला. ब्लॉकमध्ये बीआरसीए-१ चा दोष निघाला, मग रक्तातही.

आक्कांच्या उपचारात त्याने लगेच फरक पडला नाही. या दोषावर चालणाऱ्या गोळ्या आहेत, पण त्या पुढच्या टप्प्यातल्या आजारात केमोनंतर देतात. फरक पडतो तो पुढच्या पिढीला. प्रत्येक मुलाकडे किंवा मुलीकडे हा दोष जायची शक्यता निम्मी. ज्या बाईकडे तो असेल तिला अंडाशय-नळीच्या कॅन्सरचा धोका आयुष्यभरात साधारण ४० टक्के, स्तनाच्या कॅन्सरचा त्याहून जास्त. म्हणून ३५ ते ४० च्या दरम्यान, मुलंबाळं झाल्यावर, दोन्ही अंडाशयं आणि नळ्या काढून टाकण्याचा सल्ला देतात.

वर्षाकाठी सोनोग्राफी आणि सीए-१२५ करत राहिलं तर नाही का चालणार, असं मुलीने विचारलं. सगळेच विचारतात, तालुक्याच्या गावी शिबिरात ‘कॅन्सरची रक्ततपासणी’ म्हणून हीच चाचणी सरसकट करणारे मी पाहिले आहेत. ब्रिटनमध्ये सर्वसाधारण धोक्याच्या दोन लाखांहून जास्त बायकांवर हे वर्षानुवर्षं करून बघितलं. २०२१ मध्ये निकाल आला: मृत्यू कमी झाले नाहीत. काही आजार थोडे आधी सापडले, एवढंच.

मुलगी २९ वर्षांची. तिने नमुना दिला, पण एका अटीवर: रिपोर्ट माहेरच्या पत्त्यावर, सासरी फोन नाही. महिन्याभराने निकाल आला, तिच्यात दोष नव्हता. फोनवर तिने दोनदा विचारलं, नक्की ना? मग बराच वेळ काही बोललीच नाही.

आक्कांचे सहा डोस दसऱ्याच्या आसपास पुरे झाले. बोटांना मुंग्या येतात, कापूस वेचताना बोंडाचा काटा टोचला तरी कळत नाही, म्हणून यंदा वेचणीला गेल्या नाहीत. दर तीन महिन्यांनी तपासायला येतात. शेवटचं सीए-१२५ होतं ९.

मुलाचा नमुना अजून आलेला नाही. तीनदा निरोप दिला. तो म्हणतो, हा बायकांचा आजार, त्यात माझं काय काम? त्याला दोन मुली आहेत, एक पाचवीत आणि एक बालवाडीत.